जिन्यावरच्या बाईंना दिलेला सल्ला

घाबरू नकोस, दिवसाढवळ्या घडलेली गोष्ट आहे. तेच तर वाईट. रात्री काही झालं तर माणूस निदान दिवा लावतो. भर उन्हात काय लावायचं?

मी आणि माझी नणंद मिळून चष्म्याचं दुकान चालवतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं. ती काउंटरवर डोकं टेकून घोरते आणि मी संगणकावर फोटोंच्या ऑनलाइन मंडळात जाते. एके काळी तिथे हजारो सभासद होते. फोटो टाकला की वीस जण तुटून पडायचे. मग हळूहळू सगळे पांगले. उरलो तिघं. एक ‘तिवई’ नावाचा गृहस्थ, जो कशालाही ‘सुंदर!’ लिहितो. एकदा चुकून माझ्याकडून डोळे तपासायचा तक्ता चढला, त्यालाही ‘सुंदर!’ दुसरे कंपाउंडरकाका, निवृत्त, एकटे राहणारे. आणि तिसरी मी. मी फोटो काढत नाही, सल्ला देते. कोणी मनापासून काही दाखवलं तर आपणही मनापासून बघावं, एवढंच. नुसतं ‘छान’ म्हणणं म्हणजे भेटायला आलेल्याला दारातूनच वाटेला लावणं.

काका रोज एकच फोटो टाकायचे: त्यांच्या घरातला लाकडी जिना आणि त्यावरचं चार वाजताचं ऊन. एके दिवशी वरच्या पायरीवर एक पाय दिसला. अनवाणी.

मी लिहिलं, “ऊन सुरेख आलंय. पण वरच्या बाईंचा पाय घोट्यापाशी कापला गेलाय. घ्यायचं तर पूर्ण घ्या.”

दुसऱ्या दिवशी बाई पूर्ण आल्या. अगदी मधोमध, ओळखपत्राच्या फोटोला उभ्या राहिल्यासारख्या. मी लिहिलं, “मधोमध नको, जरा कडेला.” तिसऱ्या दिवशी त्या कठड्याला टेकल्या होत्या. मला बरं वाटलं. हल्ली ऐकतं कोण? मी उत्साहाने लिहिलं, “चेहरा अंधारात राहतोय. दोन पायऱ्या खाली उतरल्या तर ऊन मिळेल.”

तासाभराने काकांचं उत्तर आलं. “ताई, रोज कोणत्या बाईंबद्दल लिहिता? घरात मी एकटाच असतो.”

मी त्यांना फोन लावला. “काका, चष्म्याचा नंबर कधी तपासलात?”

“गेल्याच महिन्यात.”

“आणि फोटोत जिन्यावर... कोणी नाही?”

“जिना आहे. ऊन आहे.” मग जरा आठवून म्हणाले, “चारच्या सुमाराला तिसरी पायरी करकरते. पण लाकूड आहे, करकरणारच...”

मी नणंदेला हलवून उठवलं. तिने फोटो आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिला, मग स्वतःचा चष्मा लावून, मग कपाटातले तीन नवे चष्मे लावून.

“आहे गं बाई,” ती पुटपुटली. “आणि वहिनी, तू हिला खाली यायला सांगितलंस?”

“उजेडासाठी!”

“मग आता वर जायला सांग!”

मी लगेच लिहिलं, “खरं सांगायचं तर रिकामा जिनाच जास्त बोलका होता.”

दुसऱ्या दिवशी जिना रिकामा. आम्ही दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. नंतर मात्र चार दिवस काकांचा फोटोच आला नाही. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज पार बसलेला.

“ताई, पायरी करकरत नाही हो. बायको जाऊन आठ वर्षं झाली. चारला पायरी वाजली की मी म्हणायचो, आली. मग उठून चहा टाकायचो. आता चार वाजून जातात, मी बसलेलाच... तुम्ही काही बोललात का तिला?”

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की दोष दाखवताना चांगलंही सांगावं. आणि मी काय केलं, तर बाईंना जिन्यावरून हाकलून दिलं. नणंद ‘नको नको’ म्हणत असतानाच मी लिहिलं, “माझं चुकलं. जिना तुमच्यामुळेच शोभत होता. परत या. खालच्या पायरीवर बसलात तर उत्तम.”

“उत्तम कशाला लिहितेस?” नणंद ओरडली. “चालेल लिही!”

दुसऱ्या दिवशी फोटो आला. बाई अगदी खालच्या पायरीवर बसल्या होत्या, चेहऱ्यावर भरपूर ऊन. त्या कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या जरा वर बघत होत्या, फोटो काढणाऱ्याकडे. खाली तिवईने लिहिलं होतं, “सुंदर! काकू छान आल्यात.”

मी काकांना फोन केला. “आल्या हो काका. सरळ केस, घट्ट बांधलेले. हनुवटीवर तीळ. चांगल्याच उंच आहेत.”

काकांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

“ताई... माझी बायको बुटकी होती. केस कुरळे.”

“मग... या कोण?”

फोनमधून लाकूड करकरल्याचा आवाज आला. काका एकदम कुजबुजल्यासारखं बोलले. “काय माहीत. पण आठ वर्षं येताहेत बिचाऱ्या... आता काय जा म्हणायचं? थांबा, आधण उकळतंय.” आणि त्यांनी फोन ठेवला.

काका आता मजेत आहेत. रोज फोन उचलतात, रोज दोन कप चहा करतात. माझी झोप उडालीय ती सोमवारपासून. मंडळात सहा वर्षांनी नवीन सभासद आला. नावाच्या जागी काहीच नाही. त्याने फोटो टाकलाय, जिन्याच्या खालच्या पायरीवरून काढलेला. समोर खोली, खोलीच्या टोकाला खुर्चीत काका झोपलेले, त्यांचा कॅमेरा त्यांच्याच मांडीवर. खाली लिहिलंय, “पहिलाच प्रयत्न आहे. स्पष्ट सांगा, राग नाही.”

खरं सांगू? फोटो चांगला आहे. उजेड नेमका, चौकट सरळ. दोष एकच: काका फार लांब आहेत. कुठल्याही नवशिक्याला त्यावर पहिला सल्ला काय द्यायचा, हे मला झोपेतही सांगता येईल. मी तो दिलेला नाही. तीन दिवस बोटं मुठीत धरून बसलेय.

आज दुपारी फोटोखाली आणखी एक ओळ आली.

“ताई, जरा जवळ जाऊ का?”