शेंदराखालचा दगड

"सांजच्याला माझ्या घोवाला ठाण्याच्या तुरुंगात नेतील, पंत! त्यानं देवीआईला हात नाय लावला!" शहाडच्या मालू कोळणीने ओसरीवरच बसकण मारली.

हरिहरपंतांचा उभा जन्म सर्वेक्षण खात्यात दगड पाहण्यात गेलेला. पेन्शनीनंतर कल्याणात ते लोकांच्या भानगडी सोडवीत. शेजारी त्यांचे स्नेही विश्रामराव कालच्या कीर्तनातले पद गुणगुणत होते.

"विश्राम, पद पुरे. चल!"

नदीकाठच्या टेकडीवरची देवी तीन दिवसांपूर्वी नाहीशी झाली, ती मालूच्या नवऱ्याच्या, चंदूच्या, होडीत सापडली. जाळी रिकामी येतात म्हणून त्याने आईलाच होडीत नेले, असे फौजदारांचे म्हणणे.

टेकडीवर देवळाबाहेर सापडलेली देवी ठेवली होती; शेजारी दंडाला दोरी बांधलेला चंदू आणि पहाऱ्याला फौजदार. पंतांनी भिंग काढले. देवळात देवीच्या जागी खडकाला ताजी फोड होती. काळीभोर, भिंगाखालीही कण दिसू नयेत इतकी बारीक, मधूनमधून पांढरे ठिपके.

"गंगुबाई, आईला इथे कुणी आणून बसवलं?"

गुरवीण फणकारली. "आणून बसवायला ती काय पाटावरवंटा आहे? स्वयंभू! टेकडीतूनच वर आलेली."

"मग सापडलेल्या देवीचा शेंदूर जरा खरवडू द्या."

"आईची कातडी सोलू? चालते व्हा!"

फौजदारांनीही हात जोडले. "पंत, मला लेकरंबाळं आहेत."

"डोळे आहेत, भिंग आहे, आणि मध्ये बोटभर शेंदूर!" पंत चडफडत टेकडी उतरले.

पलीकडे काळुराम ठेकेदाराची खडीची खाण होती. त्याच्या अंगणात तुळशीभोवती गोलसर, गोऱ्या, चमचमत्या दगडांची रांग होती. मध्येच एका जागी दगडाऐवजी झेंडूची कुंडी.

"विलायती जहाजं डुलू नयेत म्हणून तळात घालतात ते दगड. मुंबई बंदरातून आणले," काळुराम म्हणाला.

"आणि देवीचं काय?"

"मासळीच्या होडीत राहून बाटली. उद्या नदीत सोडतील. टेकडीवर देव नाही म्हटल्यावर मी खडी काढली, तर माझा काय दोष?"

देवळाशी परतले तेव्हा उन्हे कलली होती. पंत पुन्हा फोडीवर भिंग धरून बसले. विश्रामराव गंगुबाईंजवळ बसले.

"बाई, आई तीन दिवस पारोशी आहे. ऊन तेलानं न्हाऊ नाही घालणार?"

गंगुबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तेल तापवले, हलक्या हाताने चोळले. शेंदराचे थर एकेक करून सुटू लागले.

"हे आधी नाही सुचलं तुला?" पंत खेकसले.

"तुम्हीच पद पुरे म्हणालात. त्यात आईचं तेलन्हाणच तर होतं."

खालून दगड उघडा पडला. गुलाबी-पांढरा, ज्वारीएवढ्या कणांचा, काळ्या अभ्रकाने चमकणारा.

"बोलवा काळुरामला," पंत म्हणाले.

तो आल्यावर पंत फौजदारांकडे वळले. "ही टेकडी म्हणजे ज्वालामुखीतून वाहून आलेला तप्त रस. उघड्यावर भरभर निवला, कणांना वाढायला सवड नाही मिळाली. म्हणून हा काळा, बारीक पोताचा बसाल्ट. तुमच्यासमोरचा दगड ग्रॅनाइट. जमिनीच्या पोटात सावकाश निवलेला. गारगोटी, अभ्रक, गुलाबी फेल्स्पार नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. टेकडीतून वर आलेली आई असल्या दगडाची कशी असेल? आपल्या भागात हा मिळतच नाही. मी आज एकाच अंगणात पाहिला, आणि तिथे एकाची जागा कुंडीनं अडवली आहे."

"खाणीत माझ्याकडे दगड काय थोडे आहेत? अंगणातला कशाला घेईन?" काळुराम ओरडला.

"सगळे अणकुचीदार. घाईत देवीसारखा गोल मुखडा अंगणातच सापडला. वर शेंदूर थापला की दगड सगळे सारखे, आणि शेंदूर काढायची कुणाची छाती होणार नाही, असं वाटलं ना तुम्हाला?"

काळुरामने मान खाली घातली. फौजदारांनी चंदूच्या दंडाची दोरी सोडली. मालू धावत त्याच्यापाशी गेली.

चंदू मात्र हलेना. "आमची आई कुठंय?"

काळुरामने खाणीकडे बोट दाखवले. "काढताना फुटली. खडीत गेली."

खाणीत खडीचा पुरुषभर उंचीचा ढीग होता. चंदू पंतांना म्हणाला, "तुम्हाला दगड कळतात. यातली आई कोणती, तेवढं सांगा."

पंतांनी एक तुकडा भिंगाखाली धरला. दुसरा धरला. असे वीस धरले. मग भिंग खिशात कोंबले.

"सगळा एकच बसाल्ट. तोच रंग, तेच ठिपके. नाही सांगता येत रे मला!"

"मग नका सांगू," गंगुबाई म्हणाल्या. शेंदराचे भांडे घेऊन त्या ढिगापाशी बसल्या, आणि कडेच्या पहिल्या तुकड्यापासून लावत निघाल्या. मालूने पदर खोचून दुसरी कड धरली.

फौजदारांनी पायांतले जोडे काढले.