आई नसलेलं लोखंड

आमच्या घराण्यात लोखंड विकत आणायची पद्धत नव्हती. पावसाळा सरला की माझा बाप मातीची भट्टी बांधायचा, तिला दोन स्तन काढायचा, आणि ती पेटती असेपर्यंत आईच्या अंथरुणाकडे फिरकायचा नाही. तेवढे दिवस भट्टी हीच त्याची बायको. चौथ्या दिवशी तिचं पोट फोडून लोखंडाचा गोळा बाहेर काढला की आई सुईणीसारखी हाळी देऊन त्याचं स्वागत करायची. मला या सगळ्याचं हसूच यायचं. मी फिली कांते, लोहार. ऐरणीवर जे वाजतं तेवढंच मी खरं मानतो.

म्हणून गांबिया नदीच्या मुखाशी गोऱ्यांची गलबतं लागली आणि लोखंडाच्या तयार पट्ट्या वर यायला लागल्या, तेव्हा ती भट्टी मीच फोडली. आयतं मिळत असताना कोळसा कोण जाळणार? आई तेव्हा जिवंत होती. "लोखंडाला आई असते, फिली," ती म्हणाली. "या पट्टीची कोण?" मी पट्टी तिच्यासमोर खणखणीत वाजवून दाखवली.

पहिली दोन वर्षं मी कुदळी केल्या. मग मान्साने, आमच्या राजाने, बेड्या मागितल्या. गलबतांना माणसं हवी होती. माणसं दिली की बंदुका मिळत आणि बंदुका आल्या की आणखी माणसं धरता येत. मी नाही घडवल्या तर दुसरा कुणीतरी घडवील, असं मी सिराला, माझ्या बायकोला, सांगितलं. 

बेड्या न्यायला मान्साचा घोडेस्वार देम्बा जालो यायचा. तो फुलानी, गुराख्यांच्या कुळातला. फुलानी आणि लोहार यांचं पिढ्यान् पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, पण रक्त सांडू नये.

"काय रे गुलामा, मालक आला तरी बूड हलत नाही?"

"मालक? मला वाटलं एखादी गाय वाट चुकली. वास तर शेणाचाच येतोय."

त्या दिवशी तो हसला, पण घोड्यावरून उतरला नाही.

"फिली, बेडीचं माप कुणाचं घेतोस?"

"माझ्याच घोट्याचं. का?"

"गेल्या खेपेला धरलेल्या एका म्हाताऱ्याच्या घोट्यावर गाठ होती. एका बेडीला नेमका तिथेच फुगवटा निघाला. एकाचा पाय भाजून आत वळलेला, त्याच्याही मापाची बेडी होती. सगळ्यांची होती. आम्ही त्यांचं गाव जाळायच्या आठ दिवस आधी तू घडवलेल्या."

"कोळसा ओला असला की लोखंड वाकतं," मी म्हणालो.

पण त्यानंतर मी नीट पाहू लागलो. मी बेडी गोलच ठोकायचो. पाण्यात बुडवली की ती चिरकायची, आक्रसायची, आणि बाहेर काढावी तर आत कुणाच्या तरी पायाचा आकार असायचा. जाड, काटकुळा, टाचेकडे झुकलेला. आठवड्याभरात धूर दिसायचा, कधी उत्तरेला, कधी नदीपलीकडे. एकदा वाऱ्यावर जळक्या केसांचा वास आला. मी ठोकत राहिलो.

एका सकाळी पाण्यातून लहान बेडी निघाली. डाव्या अंगाला तिला कोन होता. तो घोटा माझ्या बोटांनी ओळखला. माझी मुलगी दुसूबा चार वर्षांची असताना बाओबाबच्या झाडावरून पडली होती. हाड मीच बसवलं होतं आणि ते वाकडं बसलं होतं. आता ती नऊ वर्षांची होती आणि लंगडत चालायची.

मी बेडी तापवून सपाट केली, तिची सुरी घडवली. सुरी पाण्यात बुडवली. बाहेर तीच बेडी आली. ती नदीत फेकून दिली, तर पुढच्या पट्टीतून पुन्हा तीच निघाली.  

दुपारी देम्बा आला. त्याने थट्टा केली नाही.

"गलबतवाल्याला आता पोरं हवीत. कमी पडली तर मान्सा आपल्याच गावातली उचलणार आहे. पोरीला लपव."

"आणि आपलं नातं?"

"ते मला ठाऊक आहे, फिली. मान्साला नाही."

त्याच्यामागे वरच्या गावातली माणसं दोराने बांधलेली उभी होती. एकाचा कान तोडलेला, एकाचा जबडा लोंबत होता. त्यांच्यात एक बाई होती आणि तिला बिलगलेली दुसूबाएवढी मुलगी.

"हिच्या मापाची बेडी नाही," देम्बा म्हणाला.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

लोखंडाला एक घोटा हवा होता. कुणाचा तरी मिळाला की माझी पोर सुटेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुलीचा घोटा सरळ होता. बेडी बसेना. तिची आई माझ्या अंगावर धावली, तेव्हा देम्बाच्या एका शिपायाने बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. दात धुळीत पडले.

मी मेख लावली आणि घण मारला.

काहीतरी कडकन मोडलं. ते लोखंड नव्हतं.

पाऊल वाकडं झालं आणि बेडी चपखल बसली.

मुलगी ओरडली नाही. तिने वर पाहिलं.

"बा," ती म्हणाली. "मला का बांधतोस? बा, मी दुसूबा."

आवाज दुसूबाचा होता.

देम्बानेही तो ऐकला. त्याने मान फिरवली आणि दोर ओढला.

ती लंगडत गेली. नदीवर होडीत बसवेपर्यंत मागे वळून पाहत होती. मी भित्रा माणूस. मी जागचा हललो नाही.

घरी सिरा बाजरीची लापशी ढवळत होती. दुसूबा चुलीपाशी बसलेली. तेच तोंड, त्याच वेण्या. मला पाहताच ती उठली आणि दोन्ही पायांवर सरळ उभी राहून भिंतीला चिकटली.

"हिला काय झालंय कोण जाणे," सिरा म्हणाली. "मघापासून आई आई करत रडतेय. म्हटलं, अगं, मीच की."

मुलगी माझ्या हातांकडे पाहत होती.

"काका, होडी सुटली का?"

"सुटली."

"माझ्या आईच्या तोंडातून रक्त येत होतं," ती म्हणाली. "कुणी पुसलं का?"