वरच्या खोलीचं काम

शेलूबाजारातल्या त्या घरावर वरची खोली चढवायला काढली, ती आवाजापायीच. घर महामार्गाला लागून. दिवसभर जीपवाले मंगरुळपीरच्या नावाने ओरडत, ट्रकांचे हॉर्न वाजत, बाजाराच्या दिवशी तर भोंगेही लागत. आणि खालच्या खोलीत खिडक्या बंद करून, कानाला हेडफोन लावून शुभांगी पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम करी. दवाखान्याचा खर्च नाकारला गेला की लोक फोन करायचे. त्यांची तक्रार शांतपणे ऐकून घ्यायची, समजूत काढायची, जमेल ते करायचं. माहेरी कारंज्याला आणि इथे सासरी ती वऱ्हाडी बोले, फोन लागला की पुणेरी. दोन्ही तिला सारख्याच जमत.

सासरे वारले तेव्हा धीरजने पुण्यातली नोकरी सोडली आणि घरच्या वाडीत भाजीपाला लावायला घेतला. शुभांगीने मात्र नोकरी सोडली नाही. गावातून काम करू द्या म्हणून ती महिनोन्‌महिने कंपनीच्या मागे लागली होती. शेवटी परवानगी मिळाली, पण तिच्यावरच्या योगिनी मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की फोनवर मागचा आवाज ऐकू आल्याच्या तक्रारी वाढल्या, तर पुण्याच्या ऑफिसात परत यावं लागेल. पुण्यात परत जायचं म्हणजे धीरज इकडे आणि ती तिकडे. म्हणून ही खोली. जाड भिंती, दुहेरी काचा, घट्ट बसणारी दारं.

आता खोली शांत होईपर्यंत तिच्या बांधकामाचा आवाज सोसायचा, हे ओघानेच आलं.

मिस्त्री होता आसेगावचा जगदेव. पन्नाशीचा, सासऱ्यांच्या वेळेपासून घरात येणारा. जोडीला त्याचा मेहुणा लखन, दोन पोरींचा बाप. पहिल्याच दिवशी शुभांगीने जगदेवला ओसरीत बसवून चहा दिला आणि आपलं काम समजावून सांगितलं. दुपारपर्यंत फोन जास्त असतात, तेव्हा ठोकाठोकी नको. माल कालवा, विटा वाहा, पाणी मारा. फोडायचं-कापायचं ते दुपारनंतर. त्यातूनही एखादा फोन नाजूक निघाला तर ती जगदेवच्या मोबाइलवर मिस कॉल देईल, त्याने हात थांबवायचा. जगदेवने सगळ्याला मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी डोक्यावर छन्नी सुरू झाली. तिने मिस कॉल दिला, तर वर जगदेवच्या मोबाइलवर गाणं वाजलं आणि छन्नीच्या नादात त्याला ते ऐकूच आलं नाही. ती वर गेली. तो ओशाळला, म्हणाला सवय नाही, ध्यानातून गेलं. तिसऱ्या दिवशी लखन खालून वर हाका मारत होता. चौथ्या दिवशी वाळूचा ट्रॅक्टर दारातच घरघरत उभा. दर वेळी शुभांगी वर जाई, गोड बोले, आणि खाली येऊन दात ओठ खाई. मिस्त्र्याशी फार कडक बोलावं तर तो काम टाकून जातो, मऊ बोलावं तर डोक्यावर बसतो. धीरजला सांगावं तर तो म्हणे, "बांधकाम हाये शुभा, भजन नाई."

शेवटी तिनेच तोड काढली. तिचे महत्त्वाचे फोन सुरू झाले की दोघांनी सरळ रस्त्यावरच्या टपरीवर चहाला जायचं आणि ती बोलावेल तेव्हाच यायचं. चहा घरच्या खात्यावर. हे मात्र जगदेवने पाळलं.

आणि नेमकं तेव्हापासून ते सुरू झालं.

त्या सकाळी साताऱ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. बायको दवाखान्यातच गेली होती आणि कंपनीने अर्धा खर्च नाकारला होता. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला, ते थांबले, आणि त्याच क्षणी शुभांगीच्या डोक्यावर फरशी कापायचा कटर किंचाळला. लांबच लांब. मग थांबला. मग तुटक तुटक दोनदा. मधे कोणीतरी ओरडलं. पुन्हा लांब किंकाळी.

म्हातारे म्हणाले, "बाई, तुमचं घरचं काम चाललं असेल तर मी फोन ठेवतो." आणि ठेवला.

शुभांगी जिन्याच्या पायऱ्या ताडताड चढून गेली. वर कोणी नव्हतं. ओल्या गिलाव्याचा गार वास, पालथं घातलेलं घमेलं, पाण्यात बुडवलेल्या थाप्या. कोपऱ्यात फरशांच्या पेट्या रचलेल्या, पट्ट्यांसकट, न फोडलेल्या. खाली अंगणात सासू, सीताबाई, मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. आवाज कोणी केला म्हणून शुभांगीने वरूनच विचारलं, तर ती म्हणाली तिला काहीच ऐकू आलं नाही. तिचे कान तर असे, की वाडीतली मोटर बंद पडली तरी तिला घरात कळे.

थोड्या वेळाने जगदेव आणि लखन रस्त्याकडून सावकाश चालत आले. शुभांगीचा तोल सुटला. मी तुमच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलंय, तरी तुम्ही असं करता, असं बरंच काही ती बोलली. जगदेवने सगळं ऐकून घेतलं.

"सूनबाई, आमी त टपरीवर होतो," तो म्हणाला. "आन् कटर त अजून आनलाच नाई. तो उद्या वाशीमहून येनार हाये."

तिला ते खोटंच वाटलं. शेजारी काम चालू असेल म्हणावं, तर शेजारी संत्र्याच्या रिकाम्या क्रेटची वखार होती. संध्याकाळी योगिनी मॅडमचा निरोप आला, आणि त्या फोनचं रेकॉर्डिंग. हा प्रकार पुन्हा झाला तर नाइलाज होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. शुभांगीने रेकॉर्डिंग लावून पाहिलं. म्हाताऱ्यांचा हुंदका, आणि त्यावर कटर. मधलं ओरडणं आता स्पष्ट ऐकू येत होतं. "लखन, वायर धर ना बे, पायात येऊन राह्यली." जगदेवचाच आवाज. आता बघतेच, असं म्हणून ती झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कटर आला. शुभांगी रेकॉर्डिंग ऐकवायला म्हणून वर जातच होती, तेवढ्यात तो सुरू झाला. लांबच लांब किंकाळी. थांबला. तुटक तुटक दोनदा.

"लखन, वायर धर ना बे, पायात येऊन राह्यली."

पुन्हा लांब.

ती जिन्यात कठडा धरून उभी राहिली. मग वर गेली, कटर बंद करायला लावला आणि मोबाइल जगदेवच्या कानाशी धरला. त्याने ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग हाताची भुकटी लुंगीला पुसली.

"आवाज माहाच हाये," तो म्हणाला. "पन हे मी आत्ता बोललो. तुमच्याजोळ कालच कसं आलं?"

दोघांनीही ती गोष्ट तिथेच सोडली. लखनने मात्र त्या दिवसापासून वर असताना बोलणं टाकलं. काही हवं असलं तर तो हाताने खुणावायचा.

त्यानंतर तिला रोज ऐकू येऊ लागलं. आज ऐकलेलं उद्या घडे. दारांच्या चौकटी ठोकल्याचा आवाज एका सकाळी आला, आणि चौकटी दुसऱ्या दिवशी बसल्या. काचा उतरवताना एक फुटली, ती तिला आदल्या दिवशीच फुटलेली ऐकू आली होती. तिने जगदेवला काचा जपून धरायला सांगितलं, त्याने जपून धरल्या, आणि एक फुटलीच. ऐकू यायचं ते फक्त तिला, आणि फोनच्या पलीकडे असेल त्याला. धीरजला सांगितलं तर त्याने तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दाखवली आणि रजा घे म्हणाला. रजा! योगिनी मॅडमचे निरोप वाढत चालले होते. तिला भीतीपेक्षा चीडच जास्त यायची. खराखुरा धिंगाणा तिने कसाबसा मिटवला होता. आता या दुसऱ्या धिंगाण्याबद्दल बोलायचं कोणाशी? जो माणूस टपरीवर शांतपणे चहा पीत बसलाय, त्याला आवाज करू नको कसं सांगायचं?

बाहेरच्या भिंतीच्या गिलाव्यासाठी बांबूंची परांची बांधून झाली. ती मागच्या बाजूला, अंगणावर होती. जगदेव तिच्यावर उभा राहून हात फिरवी. काम जवळजवळ संपत आलं होतं.

त्या सकाळी ती अकोल्याच्या एका बाईशी बोलत होती. बांबू करकरले. आधी एक, मग सगळेच. मग काहीतरी मोठं, जड, घसरत खाली आलं आणि आदळलं. क्षणभर काहीच नाही. मग सीताबाईची किंकाळी.

"जगदेऽऽव!"

अकोल्याची बाई घाबरून विचारत होती, काय झालं, कोण पडलं. शुभांगीने फोन तोडला आणि मागच्या दारी धावली. परांची जागच्या जागी होती. सीताबाई उन्हात बसून कोथिंबीर निवडत होती.

त्या दिवशी तिने परांचीवर कोणाला चढू दिलं नाही, आतली कामं दिली. संध्याकाळी दोघे गेल्यावर तिने जगदेवला फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. तो म्हणाला, आता तर आवाजाचं काम उरलंच नाही, फक्त हात फिरवायचा आहे.

"आवाजाचं नाही भाऊ. उद्याचा दिवस फक्त येऊ नका."

"अर्ध्या कामावरून काढलं त लोकं काय म्हनतीन, सूनबाई?"

काय ऐकलं ते तिच्या तोंडातून निघेना. एखाद्याला त्याचं मरण कोणत्या शब्दांत सांगायचं? माझी शपथ आहे, एवढंच ती म्हणाली. जगदेवने फोन ठेवला तो दुखावूनच.

दुसऱ्या दिवशी ती कामावर बसली खरी, पण हेडफोन एका कानावरून सरकवून. धीरज बाजारात गेला होता. सीताबाई पहाटेच वाडीत गेली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती परत आली तेव्हा शुभांगी फोनवर होती.

बांबू करकरले.

वारा नव्हता. परांचीवर चिमणीसुद्धा नव्हती. ती सगळीच्या सगळी भिंतीपासून सुटली आणि फळ्यांसकट अंगणात कोसळली.

"जगदेऽऽव!"

शुभांगी बाहेर आली तेव्हा सीताबाई हातांनी बांबू उपसत होती. "अरे धावा कोनी, जगदेव दबला." तिच्या बोटांतून रक्त येत होतं. शुभांगीने तिला मागून घट्ट धरलं.

"आई, तो आलाच नाही आज."

दुपारी जगदेव येऊन गेला. पडलेल्या बांबूंभोवती फिरला. दोऱ्या त्याने स्वतः बांधल्या होत्या, त्या तुटलेल्या नव्हत्या, सुटलेल्या होत्या. जाताना त्याने शुभांगीला हात जोडले, आणि तिने मान खाली घातली. आपण त्याला वाचवलं, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण ऐकलेलं होतं ते अगदी तसंच झालं होतं, त्यात काडीचाही बदल नव्हता. जगदेव मेला असं त्या आवाजात कुठेच नव्हतं. ते ती धरून चालली होती.

काम पुरं झालं. काचा बसल्या, दारं लागली. शेवटच्या दिवशी सीताबाईने दोघांना पुरणाचं जेवण घातलं. जगदेवने पुढचं काम किन्हीराजा गावात धरलं होतं. त्यानंतर शुभांगीला काही ऐकू आलं नाही. तिने टेबल वर नेलं. खिडकी लावली की महामार्ग नुसता दिसे. ट्रक मुक्याने जात. तक्रारी थांबल्या, योगिनी मॅडमचा सूरही निवळला. खोली बांधल्याचं चीज झालं, असं धीरज जेवताना दोनदा म्हणाला.

एका सकाळी ती योगिनी मॅडमशीच बोलत होती. महिन्याचं काम चांगलं झालं म्हणून त्यांनी आपणहून फोन केला होता.

जिन्यावर पावलं वाजली.

एकाची नव्हती. बऱ्याच जणांची, अनवाणी, सावकाश. शुभांगीने दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं. पावलं दारातून आत आली आणि तिच्या खुर्चीभोवती थांबली.

बांगड्या वाजल्या. कोणीतरी नाक ओढलं. सतरंजी झटकल्याचा आवाज झाला.

स्टीलचा पेला फरशीवर पडून गडगडत गेला. कोणीतरी दबक्या आवाजात "हळू, हळू" म्हणालं.

"राहू द्या," जगदेव म्हणाला. "सूनबाईले आता आवाजाचा तरास नाई."

तिने मागच्या खिडकीतून खाली पाहिलं. सीताबाई वांगी टोपलीत भरत होती. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"शुभांगी," योगिनी मॅडम म्हणाल्या, "तुझ्याकडे पाहुणे आलेत का गं? खूप माणसं आहेत, पण कोणीच मोठ्याने बोलत नाहीये."

शुभांगी ऐकत होती. सासूचा आवाज तिने ओळखला. धीरजचा ओळखला. लखनचा. आणि एक बाईचा आवाज, दमलेला, प्रवासातून आल्यासारखा. तो कारंज्याच्या तिच्या आईचा होता.

ती त्या सगळ्यांत स्वतःचा आवाज शोधत राहिली.