शेजारी : एक

शेजारी : एक. (आठ हवेत.)

अल्पाका कागद खातो.

फुलावर आलेल्या सफरचंदाला उणे दोन अंश सोसत नाही.

बावन्न अक्षरं, त्यांत एकही शब्द नाही.

खोकी वाटणाऱ्या व्हर्नाबाईंचा नियम : सलग तीन आठवडे चारपेक्षा कमी शेजारी, तर खोकं काढून घ्यायचं. रविवारी. पाचच्या चहाआधी.

रविवारच होता. दोन वाजले होते. आणि टेकडीच्या वळणावर, खोकी दुरुस्त करणाऱ्या थियाच्या गाडीपुढे, लांब मानेचा, लोकरीने गच्च भरलेला एक अल्पाका निवांत उभा होता.

"हॉर्न नको! नॉर्मन थुंकतो!"

कुंपणावरून उडी मारून कुणीतरी धावत आलं. रेनकोट उलटा, ओल्या केसांत सफरचंदाच्या पाकळ्या... फर्गस टिंडल. गेल्या वर्षी होबार्ट शहर सोडून बाग घेतलेला. बागवाल्यांच्या मेळाव्यात तिला एकदाच दिसला होता. तिच्याकडे बघत कपाऐवजी बशीत चहा ओतत होता.

"तू... तू आलीस?"

"खोकं बघायला."

"हो, हो. खोकंच."

खोऱ्यातल्या प्रत्येक बागेत असं एक खोकं होतं. आपल्या बागेतला गारठा मोजायचा, शेजारच्या खोक्यांना कळवायचा. ती पुढच्यांना कळवणार. वर कुणी मोठा साहेब नाही, सगळी मदार शेजाऱ्यांवर. फर्गसला शेजारी एकच, त्यामुळे गारठ्याची वर्दी कधी यायची, कधी नाही. मंगळवारी पहाटे आली नाही, आणि खालच्या दोन रांगांचा मोहोर काळा पडला. खोकं गेलं तर बाग जाणार. बाग गेली की हा परत होबार्टला.

थियाला ते पटत नव्हतं. का, याच्या खोलात ती शिरली नव्हती.

तीन वाजता.
वायर : ठीक.
वीज : ठीक.
इंटरनेट : ठीक.
फर्गसने चहासोबत भाजलेले स्कोन-पाव : ...

"कसे झालेत?"

"दाराला अडसर म्हणून छान आहेत."

तो हसला. तिने घाईघाईने वायर पुन्हा तपासली — तपासलेलीच.

फोन वाजला. व्हर्नाबाई. "काय गं, सुटलं का? नाहीतर उचल आणि ये. खोक्यासाठी सहा जण रांगेत आहेत."

"अर्धा तास द्या."

"तुला कधीपासून अर्धा तास लागायला लागला?"

सव्वाचार. थियाने खोक्याच्या पोटातली यादी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"'अनोळखी शेजारी घेऊ नका' — ही खूण कुणी केली?"

"मीच. सावध असावं ना माणसाने."

"अरे, आतून कडी लावून बसलायस आणि म्हणतोस कुणी येत नाही! बरं, ओळखीच्या आठ खोक्यांचे बावन्न-बावन्न अक्षरी पत्ते कागदावर दिले होते, ते?"

"नॉर्मनने खाल्ले."

"मग हा एक कुठून आला?"

फर्गस खिडकीकडे वळला. ती पडद्याकडे वाकली... आणि वाकलेलीच राहिली.

"हा तर माझ्या खोक्याचा आहे."

"तेवढाच पाठ होता."

"बावन्न अक्षरं? पाठ?"

खिडकीबाहेर बघत, कान लाल करून, तो म्हणायला लागला — सात, के, मोठा क्यू, छोटा एम, नऊ... शाळेत उभं केलेल्या पोरासारखा, थेट शेवटापर्यंत.

"चाळिसावं चुकलं," थिया हळूच म्हणाली.

"मुद्दाम. ऐकतेयस का बघत होतो."

तिने कडी काढली, आपल्या फोनमधून उरलेले सात पत्ते घातले. शेजारी : दोन... पाच... आठ.

"तुझा राहील ना त्यात?"

"राहील. पण एकटीवर विसंबू नकोस, वेड्या. माझ्याकडे सॉकेट एकच आहे. केटल लावली की खोकं बंद. मंगळवारी पहाटे मी—" ती थांबली. "तुझ्या दोन रांगा माझ्या चहात गेल्या, फर्गस."

"मग आता मला चहा पाजायला हवास."

"आज?"

"आज, उद्या... मंगळवारी तर नक्कीच."

पुन्हा फोन. "पाच वाजले! दोष कशात होता? वहीत काय लिहू?"

"मालकात."

"मग मालक बदलू या?"

थियाने फर्गसकडे पाहिलं. त्याचा रेनकोट अजून उलटाच होता.

"नको, व्हर्नाबाई. हाच राहू दे."

टेकडीवरची ही दुरुस्ती खरं तर दुसऱ्या दुरुस्तीवाल्याच्या, रॉडच्या वाट्याची होती. थियाने ती सोमवारीच मागून घेतली होती.