पाठमोरा शिपाई

लेक जुन्या पोलिसी मालिकेच्या डीव्हीडींचा खोका घेऊन आली, तेव्हा बाई खिडकीतल्या कुंडीतली वाळलेली पानं खुडत होत्या.

"आई, बघ काय मिळालं! बाबांची मालिका. अख्खी."

"बाबांची कसली गं? ते तर कोपऱ्यात उभे असायचे."

"कोपरा का होईना, आपला होता ना?"

बाबा पेशाने शिंपी. मालिकेतल्या साऱ्या वर्द्या त्यांनीच शिवलेल्या. एकदा पोलीस ठाण्यात मागे उभा राहणारा माणूस आला नाही, म्हणून दिग्दर्शकाने त्यांच्याच अंगावर वर्दी चढवली. ती इतकी चपखल बसली, की पुढे ते कायमचे त्या कोपऱ्यातले झाले. गल्लीतली पोरं त्यांना 'हवालदार' म्हणू लागली. बाईही चिडवायच्या, "या हवालदार, डब्यातली साखर कोण पळवतं त्याचा तपास लावा आधी."

त्यांना जाऊन आता बरेच दिवस झाले होते. घर आवरलेलं, स्वच्छ आणि फार मोठं वाटत होतं.

"आणि माझ्याकडे यायचं काय ठरलं?" निघताना लेकीने विचारलं. "इथे भिंतींशी बोलत बसतेस."

"भिंती उलट उत्तर तरी देत नाहीत," बाई म्हणाल्या. "कळवते."

"गेल्या वेळीही हेच म्हणालीस."

दुपारी बाईंनी पहिली तबकडी लावली. एके काळी या मालिकेच्या वेळेला रस्ते ओस पडायचे. तिच्यात गाणी नव्हती, सुटाबुटातले शूर नायक नव्हते. पोपडे उडालेल्या भिंती, पोटदुखीच्या गोळ्या चघळणारा थकलेला इन्स्पेक्टर आणि बहुतेक वेळा सुटून जाणारा गुन्हेगार. आता ती बाईंना संथ वाटली, चित्रही फिकट झालेलं. पण इन्स्पेक्टरच्या खांद्यामागे, बाकाजवळ, हवालदार उभे होते. समोर दुसरा एक शिपाई, कॅमेऱ्याकडे पाठ करून. दोघांचं बोलणं चाललेलं.

मागच्या माणसांसाठी दोन नियम असत. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही आणि आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. हवालदार पाढे म्हणायचे. हे जगात फक्त बाईंना माहीत होतं, कारण बाईंनी जन्मभर कर्णबधिर मुलांना शिकवलं होतं. ओठ वाचणं त्यांना छापील अक्षर वाचण्याइतकं सोपं. त्यांच्या नादाने हवालदारही शिकले होते. पाहुण्यांच्या गर्दीत नवरा-बायको खोलीच्या दोन टोकांवरून बिनआवाजी गप्पा मारत.

"एकोणतीसाचा म्हणताय होय?" बाई पडद्याकडे बघून हसल्या. खूप दिवसांनी हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच दृश्य पुन्हा लावलं. हवालदार पाढा म्हणत नव्हते.

ते म्हणत होते, "आज तिने चहा गार होऊ दिला."

बाईंनी शेजारच्या कपाकडे बघितलं. चहावर साय धरली होती.

त्यांनी चष्मा पुसला. तबकडी मऊ फडक्याने पुसली. दृश्य मागे नेलं आणि वर्गात मूल अडखळलं की म्हणायच्या तसंच, सवयीने म्हणाल्या, "हं, पुन्हा सांगा. सावकाश."

हवालदारांनी सावकाश सांगितलं.

बाईंना भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, हे त्यांना कळत होतं; पण रिकाम्या घरात कुणीतरी आपल्या चहाची दखल घेतली, याचंच अप्रूप मोठं होतं. त्यांनी खुर्ची खिडकीसमोर ओढली. वर्गातला पहिला धडाच तो: बोलणाऱ्याचं तोंड उजेडात हवं, नाहीतर समोरच्याने वाचायचं कसं? तोंडावर ऊन घेऊन त्या रोज पडद्याशी बोलू लागल्या. गुडघा कसा दुखतो, शेजारचे गावाला गेलेत, दुपारी जिन्यात चिटपाखरू नसतं. दुसऱ्या दिवशी हवालदार त्यातलंच काहीतरी त्या पाठमोऱ्या शिपायाला सांगताना दिसत. नवरा घरचं कौतुक कचेरीत सांगतो, तसं.

लेक आली, तेव्हा बाईंनी तिलाही ते दृश्य दाखवलं. तिला काहीच दिसलं नाही. "नुसते ओठ हलवताहेत बाबा," ती म्हणाली. "आई, तू खाली उतरली नाहीस वाटतं इतक्यात? चल ना माझ्याकडे."

"मी कुठे येत नाही," बाई म्हणाल्या. "तूही सारखी हेलपाटे घालू नकोस. मला सोबत आहे."

"कुणाची?"

बाईंनी विषय बदलला. लेक दारात थोडी थांबली आणि डोळे पुसत जिना उतरली. पडद्यासमोर बसून बाईंनी तेही सांगून टाकलं.

दुसऱ्या दुपारी हवालदारांचा चेहरा वेगळा होता. ते हसत नव्हते. टोपी काढून हातात धरली होती.

"नाही," त्यांचे ओठ म्हणाले. मग जरा थांबून, "लेक नाही यायची आता. तिनेच नको म्हटलं."

पाठमोऱ्या शिपायाची मान किंचित हलली.

"हो साहेब. एकटीच."

पुन्हा मान हलली.

"शेजारी नाहीत. गावाला गेलेत."

बाई पुढे झुकल्या. इतके दिवस त्या गप्पांची एकच बाजू वाचत होत्या. दुसऱ्याचं तोंड त्यांना कधी दिसलंच नव्हतं. हवालदार घरचं कौतुक सांगत नव्हते. ते विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

आणि उत्तरं त्यांना पुरवली कुणी?

बाईंनी तोंडावर हात धरला.

पुढे इन्स्पेक्टर फाइल आपटून कुणावर तरी ओरडत होता. मागे हवालदारांनी मान वर केली. इतक्या वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं. सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं.

"दार लाव," ते म्हणाले.

बाई उठल्या. गुडघ्याची पर्वा न करता दाराशी गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी कडी घातली, वरची खिटी सरकवली. जिन्यात कसलाही आवाज नव्हता. तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला.

"मी येते तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आत्ता ये. मला घेऊन जा."

"आई, काय झालं? निघालेच मी. बस तू शांत."

बाई खुर्चीत येऊन बसल्या. तोंडावर ऊन तसंच होतं. दृश्य अजून चालूच होतं, खरं तर एव्हाना संपायला हवं होतं.

इन्स्पेक्टर नव्हता.

बाकाजवळचा पाठमोरा शिपाईही नव्हता.

हवालदार एकटे उभे होते. टोपी डोक्यावर, दोन्ही हात अंगालगत. डोळ्यांत पाणी. नजर पडद्याबाहेर होती, पण बाईंवर नव्हती. जराशी वर, त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागे.

त्यांचे ओठ हलले. बाईंना वाचायचं नव्हतं, पण जन्माची सवय.

"हो साहेब. हीच ती."