दुपारच्या झोपेचा करार

जेवणं उरकली की सुरंगबेटावर पानसुद्धा हलत नसे. भात आणि मासळीचं सार पोटात गेलं की माणसं दारं लोटून घेत, चटई पसरत आणि एक करड्या रंगाची उशी डोक्याखाली ओढत. मान टेकताच उशी हळू गुणगुणू लागे. घराघरातली ती गुणगुण एकत्र होऊन माडांच्या बागांवर तरंगत राही. दुपार उतरली की सागरसंघाची गाडी फिरायची. दूध गोळा करणारी गाडी फिरते तशीच, फक्त हिच्यात कॅन नसत, बोटाएवढ्या काचेच्या कुप्या असत. उशीच्या पोटातली भरलेली कुपी काढायची, रिकामी बसवायची, की गाडी पुढे. भरलेली म्हणजे तळाशी चार थेंब. त्या थेंबांना निद्रार्क म्हणत.

दिवसभराचा शीण मेंदू झोपेत धुऊन काढतो, हे जुनंच ज्ञान होतं. नवा शोध एवढाच की ज्या द्रव्याने तो धुतो, ते मानेच्या कातडीतून अलगद ओढून घेता येतं आणि दुसऱ्याच्या मानेला लावता येतं. लावणाऱ्याला थोडक्या वेळात दुपारभराची झोप मिळते. देणारा मात्र आडवा झाला तसाच आंबलेला उठतो आणि चहाचं आधण ठेवतो.

सागरसंघ म्हणजे अकरा किनाऱ्यांनी मिळून केलेला व्यापारसंघ. कुणी धान्य द्यायचं, कुणी औषधं, आपसांत जकात नाही. सुरंगबेटाकडे देण्यासारखं होतं काय? नारळ तर सगळ्यांकडेच होते. दुपारची गाढ झोप मात्र इथल्यासारखी कुठेच नव्हती. उत्तरेकडच्या देशांत अखंड उजेडाने आणि कामाने माणसांची झोप उडाली होती, शिवाय मेंदू झोपणंच विसरून जातो असा एक आजार तिथे पसरला होता. त्यांना झोप हवी होती आणि बेटाला गोडं पाणी. खारं पाणी गाळणाऱ्या यंत्रांच्या जाळ्या संघाकडून येत.

करार करताना बेटावरच्या लोकांनी शहाणपण केलं होतं. पहाटेची झोप द्यायची नाही, अशी अट त्यांनी घालून घेतली, कारण पहाटेची स्वप्नं खरी होतात. दुपारची झोप ती काय झोप? शास्त्रात तर ती वर्ज्यच. वर्ज्य गोष्ट देऊन पाणी मिळत असेल तर कोण नको म्हणेल? सभेत एकही हात विरोधात उठला नाही.

चूक लक्षात यायला काही वर्षं गेली. पहाटेची स्वप्नं जागच्या जागी होती: परीक्षेचा पेपर कोरा, होडी सुटलेली, दात पडलेला. पण गेलेली माणसं स्वप्नात येईनाशी झाली. कुणाची आजी येऊन नथ कुठे ठेवलीस म्हणून विचारीना, कुणाचा बाप अंगणात खोकेना. मग एकेकाला आठवू लागलं की ती सगळी दुपारचीच यायची. गेलेली माणसंही शेवटी याच बेटावरची. जेवणं आटोपल्यावर, निवांतपणा बघूनच येणार.

तेव्हापासून बेटावर संघातून बाहेर पडण्याची मागणी सुरू झाली. 'आमची माणसं आम्हाला भेटू द्या' असं भिंतीभिंतींवर लिहिलं गेलं. दुसरी बाजू विचारी, माणसं भेटतील हो, पण पिणार काय? सभेत चाळीस सभासद, वीस या बाजूला आणि वीस त्या बाजूला. ठराव मांडला जाई, हात वर होत, हात खाली येत, आणि घोंगडं पुन्हा भिजत पडे. बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत निर्णायक ठरे. अध्यक्षा होत्या वैजयंती मुरकर, आणि त्या दर वेळी बैठक पुढे ढकलत होत्या.

त्या दुपारी त्यांच्या ओटीवर राजन केळुसकर येऊन बसला. वैजयंतीबाईंच्याच पक्षाचा हा पुढारी बाहेर पडण्याच्या बाजूचा होता. जकात, स्वाभिमान आणि आकडे असं तो तासन् तास बोलू शके. आज मात्र तो थोडक्यात आटपणार होता.

"बाई, आता पुरे झाला. उद्या मत देवा, नायतर राजीनामो देवा. पक्षाचा ठरला हा."

"चाय घेतलात?"

"चायचा मागीर बघूया. लोक माका इचारतत, बाईंच्या मनात हा तरी काय?"

"उद्या सांगतलंय," बाई म्हणाल्या. राजन उठला, चप्पल घातली आणि मागे न बघता गेला.

बाईंच्या मनात काय होतं ते त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मत कधीच ठरलं होतं. बाहेर पडायचं. पण त्यामागे जकात नव्हती आणि स्वाभिमानही नव्हता. करारावर त्यांनीच सही केली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा नवरा उदय गेला. सकाळी अंगणातल्या खळ्यात जाळं सांधत बसला होता, तिथेच कलंडला. त्यानंतर तो एकदाही दिसला नव्हता. त्याचे फोटो होते, आवाजही होता यंत्रात. पण स्वप्नातलं माणूस समोर बसतं, आपण बोलू त्यावर ते बोलतं. बाईंना एकदा, एकच दुपार, तसं त्याच्यासमोर बसायचं होतं. एका बाईला आपला नवरा हवा म्हणून सगळ्या बेटाचं पाणी तोडायचं का? या लाजेपायी त्या बैठका पुढे ढकलत होत्या, आणि लोकांना वाटत होतं की बाई मोठ्या धोरणी आहेत.

राजन गेल्यावर थोड्याच वेळात संघाच्या प्रतिनिधी आल्या. इरेना नावाची ही उंच, फिकट बाई उत्तरेकडच्या एका थंड देशातून आली होती. तिच्या गळ्यात दुभाषी यंत्र होतं आणि त्याची मराठी पाठ्यपुस्तकातली होती.

"मी पाण्याच्या जाळ्यांविषयी बोलण्यासाठी आले आहे," यंत्र म्हणालं, "परंतु त्याआधी मला निराळेच काही सांगायचे आहे. आपली हरकत नसेल तर मी बसते."

बाईंनी खुर्ची पुढे केली.

"मला तो आजार आहे. माझा मेंदू झोपणे विसरला आहे. निद्रार्क नसेल तर मी काही महिने जगेन. प्रत्येक शरीराला कुणाचाही अर्क चालत नाही. रक्ताप्रमाणे तो जुळावा लागतो. मला एकाच उशीचा जुळला. ती कुणाची आहे हे सांगण्यास संघाची मनाई आहे, आणि मी कधी विचारलेही नाही. मात्र त्या झोपेत एक मनुष्य येतो."

बाहेर सगळं बेट झोपलं होतं आणि उशांची गुणगुण माडांतून येत होती.

"तो सावळा आहे. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. तो मासा तळतो आणि मधला तुकडा माझ्या ताटात ठेवतो. स्वतः शेपटीचा घेतो. प्रथम मला भीती वाटे. आमच्याकडे कुणी कुणाच्या ताटात असे काही ठेवत नाही. नंतर मी त्याची वाट पाहू लागले. मी एकटी राहते. दिवसभरात माझी विचारपूस करणारा तो एकच मनुष्य आहे."

"काय विचारतो?" बाई म्हणाल्या.

इरेनाने यंत्रावर हात ठेवला आणि स्वतःच्या तोंडाने, अडखळत, पण चाल नेमकी धरून म्हणाली, "जेवलंस गो?"

कानाला गळ लागला तेव्हा उदय सतरा वर्षांचा होता. ही गोष्ट तो दर पाहुण्याला नव्याने सांगे आणि गळ दर वेळी थोडा मोठा होई. बाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात त्या रडू लागल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, तशाच रडत राहिल्या. इरेना खुर्चीच्या कडेला बसून राहिली. आपण कुणाची झोप घेतो ते आता तिलाही कळलं होतं.

"आणखी एक वाक्य तो रोज म्हणतो," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माझ्या मागे, दाराकडे पाहतो आणि म्हणतो. त्याचा अर्थ मला ठाऊक नाही. यंत्रालाही विचारण्याचे धैर्य झाले नाही. ती खंय असा?"

ती कुठे आहे. एवढी वर्षं तो दुपारच्या दुपारी येत होता. घर चुकलं होतं, ताट चुकलं होतं, आणि समोरच्या परक्या बाईला उपाशी न ठेवता तो दाराकडे बघून बायकोचा पत्ता विचारत होता.

"आजची कुपी आहे जवळ?" बाईंनी विचारलं.

इरेनाने पिशवीतून कुपी काढली.

"इथंच झोपा. या चटईवर. तो आला की माझा निरोप सांगा. ती इथंच आहे, एवढाच. ती हयसरच असा. म्हणा बघू."

ती दोनदा म्हणाली. दुसऱ्या खेपेला बाईंनी तिचा 'ह' नीट करून घेतला. मग इरेनाने चार थेंब मानेला लावले आणि ती पाय जवळ घेऊन झोपी गेली. वैजयंतीबाई बाजूला भिंतीला टेकून बसल्या. त्यांना जाणवलं, आपली झोप बाहेरून कशी दिसते ते आपण कधी पाहिलं नव्हतं. इरेनाच्या पापण्यांखाली बुबुळं सावकाश फिरत होती. मग ओठ हलले. मग भुवया वर गेल्या, जरा थबकल्या. या फिकट चेहऱ्याच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, त्यांचा संसार चालला होता आणि त्यांना आत जाता येत नव्हतं. एकदा त्यांनी इरेनाच्या कपाळावर हात ठेवला. मग आपला अधिकार कितपत आहे ते न कळून उचलला.

ती जागी झाली तेव्हा ऊन ओटीच्या पायरीवर आलं होतं.

"मी निरोप सांगितला. तो फार वेळ माझ्याकडे पाहत राहिला," यंत्र म्हणालं. "मग त्याने आणखी एक ताट मांडले. मधल्या तुकड्याचे दोन भाग केले."

बाईंनी चहा ठेवला. दोघी प्यायल्या. पाण्याच्या जाळ्यांचा विषय शेवटपर्यंत निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत हात वर झाले, मोजले गेले आणि नेहमीप्रमाणे वीस-वीस भरले. राजन केळुसकरने बाईंकडे पाहिलं. त्याच्यासमोर एक कोरा कागद होता, राजीनाम्यासाठी त्याने तो मुद्दाम ठेवला असावा.

वैजयंतीबाई उभ्या राहिल्या. "मी बाहेर पडायच्या बाजूने मत देणार होते," त्या म्हणाल्या, "आणि कारण विचाराल तर मला माझा नवरा बघायचा होता. दुसरं काहीच नव्हतं." मग त्यांनी कालची सगळी दुपार सांगितली. काहीही झाकून ठेवलं नाही.

"सोडलं तर तो कदाचित माझ्याकडे येईल," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि ती बाई मरेल. धरलं तर मी असेपर्यंत तो दुसरीकडे जेवायला वाढत राहील. काल रात्रभर मी हाच विचार केला. मी माझी उशी काढणार नाही. पण ते माझ्या उशीपुरतं झालं. तुमच्या प्रत्येकाच्या उशीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे आणि तुमचं कुणीतरी तिथं जातं-येतं आहे. तिकडे कोण आहे ते कळल्याशिवाय आपण आत राहायचं की बाहेर पडायचं, हे कशाच्या जोरावर ठरवतो आहोत? संघाने आधी नावं उघड करावीत, हा माझा ठराव. राजीनामा हवा असेल तर तोही घ्या, त्याला माझी ना नाही."

वीस इकडचे आणि वीस तिकडचे, सगळे आपापल्या बाकाकडे बघत बसले. असा ठराव कामकाजात बसत नाही, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांच्या नजरा राजनकडे वळल्या. पक्षातर्फे उत्तर त्यानेच द्यायचं होतं.

राजन उठला. कोरा कागद त्याने उगाच उलटा करून पाहिला. जकातीवर तासन् तास बोलणाऱ्या माणसाने आज जकातीचं नावही काढलं नाही. प्रतिनिधींच्या बाकावर इरेना बसली होती, तिच्याकडे वळून, सभेचे नियम सोडून, तो सरळ तिच्याशीच बोलला.

"आमच्या गेलेल्या आयेक मालवणीशिवाय दुसरा कायच येणा नाय," तो म्हणाला. "थयसर, तुमच्याकडे, तिचा बोलणा कोणाक कळत असात काय?"