अब्रूची नोटीस आणि बेलाचं पान

"साहेब, मले वकिलाची नोटीस आली," तहसीन फोनवर म्हणाली. "अब्रुनुकसानीची."

"कोणाची अब्रू?"

"किसनसिंगची. पाण्याचा प्लांटवाला."

"काय लिहिलं तुनं त्याच्यावर?"

"त्याचं नावबी नाई लिहिलं!"

जमादार धम्मपाल चहा तसाच ठेवून शेलूबाजारला निघाले.

तहसीन घरी शिलाई करायची. तिची सासू ताजबी पुतणीच्या निकाहात गार पाणी प्यायली आणि हगवणीनं आठवड्यात गेली. आणखी बरीच माणसं आजारी पडली. दोष आधी मठ्ठ्यावर आला, मग बिर्याणीवर, शेवटी उन्हावर. ऊन कोणावर दावा लावत नाही.

तहसीननं फेसबुकवर एक फोटो टाकला होता. पाण्याच्या कॅनमध्ये तीन दलांचं कुजकं पान. खाली लिहिलं होतं, 'हे पाणी निकाहात आलं. कोणाचं होतं?'

आता नोटीस म्हणत होती, पोस्ट काढा, खोटं लिहिल्याची माफी मागा, नाहीतर कोर्टात या.

"सारे म्हणतात, माफी मागून टाक," तहसीन म्हणाली. "पण मी खोटी, तर अम्मा मेली कायनं?"

जमादारांनी फोटो मोठा करून पाहिला.

"पान वरून पडलं नसल?"

"सील मीच तोडलं, साहेब. पान आतच होतं."

मंडप इंद्रभानचा होता. खुर्च्या, भांडी, पाणी, सारं त्याच्याच अंगावर.

"कॅन कोणाकडून आल्या, इंद्रभानभाऊ?"

"तिन्ही प्लांटवाल्यायले सांगतलं होतं."

"गाडी कोणाची आली?"

"मी पडदे बांधून राह्यलो होतो. पाठ होती माही तिकडं."

"तुही पाठ लय शहाणी हाय."

इंद्रभाननं मान खाली घातली. लग्नसराई अजून संपली नव्हती आणि त्याला पाणी लागणारच होतं.

ताजबी गेल्यावर झालेल्या चौकशीत तिन्ही प्लांटवाल्यांनी एकच जबाब दिला होता. त्या दिवशी लाइनचं काम होतं, प्लांट बंद, एकही कॅन बाहेर गेली नाही. वीज नव्हती, हे खरंच होतं. म्हणजे निकाहातलं पाणी आभाळातून आलं होतं.

जमादार गावाबाहेर महादेवाच्या देवळामागच्या विहिरीवर गेले. उतरलेले हार, बेल लोक तिच्यातच सोडत. पिण्याला तिचं पाणी कोणी घेत नसे. तरी काठावर डिझेलचे डाग होते. इंजिन तर तिघांकडंही होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तिघे प्लांटवाले, इंद्रभान आणि तहसीन बसले. किसनसिंगनं स्वतःच्या सहीची तक्रारही आणली होती.

"जमादार, या बाईले उचला. साऱ्या तालुक्यात बदनामी झाली माही."

"पोस्टमधी नाव हाय तुमचं?"

"नाई. पण लोकायले समजते."

"प्लांट तिघायचे. मंग या दोघायची अब्रू काहून शाबूत हाय?"

दोघांनी छताकडं पाहिलं.

"मी सांगतो," जमादार म्हणाले. "वकिलानं पुसलं असल, पाणी तुमचं नाई तर बदनामी तुमची कशी? दावा उभा करायचा तर पाणी तुमचंच पाह्यजे. म्हणून नोटिशीत लिहिलं, निकाहात पुरवलेलं पाणी आमच्या पक्षकाराचं होतं आन् शुद्ध होतं. या तक्रारीतबी तेच, खाली तुमची सही. चौकशीत मात्र म्हणता, एकही कॅन गेली नाई."

किसनसिंगनं रुमाल काढला. "गेल्या असतीन चार-दोन. पण प्लांटच्याच."

"विजेबिगर प्लांट चालला?"

जमादारांनी पानाचा फोटो त्याच्यापुढं धरला.

"निकाहात गुलाब येते, मोगरा येते. बेल कुठून येईन? तुमच्या जाळीतून मातीचा कण जात नाई म्हणता, मंग सीलबंद कॅनीत अख्खं पान कसं? लग्नाची ऑर्डर सोडवत नव्हती. विहिरीवर इंजिन लावलं, कॅन भरल्या, सील मारलं. हे दोघं विजेसाठी थांबले. तुमी थांबले नाई."

इंद्रभान हळूच बोलला. "गाडी किसनसिंगचीच होती, साहेब. पाह्यली होती म्या."

पाठ अखेर फिरली.

"नोटीस मागं घेतो मी," किसनसिंग म्हणाला.

"घ्या ना. पण वाचून झाली."

शिपायानं त्याला आतल्या खोलीत नेलं. तहसीननं फोन उघडला. पोस्टखाली साऱ्या गावानं हात जोडल्याची चित्रं टाकली होती. इंद्रभाननंही.

"मी पुसलं होतं, पाणी कोणाचं," ती म्हणाली. "एवढ्या शेलूबाजारातून जवाब एकानंच देला. तोबी वकिलाकडून."

जमादारांनी तिच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. तिनं तो उचलला, खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आणि तसाच खाली ठेवला.